जुनी नॅरोबोट घ्यायचीय? आधी तळ पाहा

इंग्लंडच्या कालव्यांवरची जुनी नॅरोबोट, म्हणजे आत राहता येईल अशी लांब, अरुंद बोट, बघायला गेलं की पाय आपोआप आत वळतात. नीटनेटकं छोटंसं स्वयंपाकघर, कोपऱ्यात कोळशाची शेगडी, पितळी कड्यांच्या गोल खिडक्या, आणि एका टोकाला दोघांपुरता पलंग. ब्रोकरही तेच दाखवतो, कारण बोट विकली जाते ती तिथेच. पण बोटीची खरी किंमत ठरते पाण्याखाली गेलेल्या दोन-अडीच फुटांत. पडदे, गाद्या, फरशी, अगदी इंजिनसुद्धा पैसे टाकून बदलता येतं. तळाचा पत्रा खाल्ला गेला असेल, तर बाकीच्या सगळ्या सुखसोयी एका कमकुवत डब्यात बसवलेल्या असतात.

इंग्लंडमधल्या माझ्या ओळखीच्या काही मराठी कुटुंबांनी आठवडाभर बोट भाड्याने घेतली, लँगोलेन कालव्यावरून पाँटकिसिल्टेचा १८०५ सालचा जलसेतू ओलांडला, आणि घरी आल्यावर पहिला विषय निघाला तो हाच: आपलीच एक जुनी बोट घेतली तर? विचार चांगला आहे. मला हे कालवे मनापासून आवडतात आणि त्यांवर आणखी मराठी माणसं दिसावीत असंही वाटतं. म्हणूनच खरेदी नेमकी कशाची करायची असते, हे नीट उलगडून सांगतो.

सात फुटांची मर्यादा

मध्य इंग्लंडमधले कालवे अठराव्या शतकात कोळसा, मीठ आणि चिनी मातीची भांडी वाहून न्यायला खणले गेले. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याच्या देखरेखीखाली १७६६ साली ट्रेंट अँड मर्सी कालव्याचं काम सुरू झालं. १७७७ मध्ये तो पूर्ण झाला तेव्हा ब्रिंडली हयात नव्हता, पण त्याने ठरवलेली मापं राहिली. लॉक सुमारे ७२ फूट लांब आणि ७ फूट रुंद. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद. बोट आत घ्यायची, दारं लावायची, झडपा उघडून पाणी भरायचं किंवा सोडायचं, की बोट वरच्या किंवा खालच्या पातळीवर जाते. हौद अरुंद ठेवला की बांधकामाचा खर्च वाचतो आणि दर खेपेला पाणीही कमी लागतं. टेकड्यांच्या मुलुखात पाणी वर आणणं महाग होतं, त्यामुळे हे माप इतर कालव्यांनीही उचललं.

आजची नॅरोबोट ६ फूट १० इंच रुंद असते ती यामुळे. याहून रुंद बोटींना वाइडबीम म्हणतात. आत ऐसपैस वाटतात, पण बर्मिंगहॅमच्या आसपासच्या अरुंद लॉक्समधून त्या जाऊच शकत नाहीत. सुट्टीत देशभर भटकायचं असेल, तर वाइडबीमचा मोह टाळलेला बरा.

लांबीचं गणित याच्या उलट आहे. ७० फुटी बोट बहुतेक अरुंद कालव्यांवर चालते, पण उत्तरेकडच्या काही कालव्यांवरची लॉक्स आखूड आहेत. यॉर्कशायरमधल्या कॅल्डर अँड हेबलवर तर साधारण ५७ फुटांच्या पुढची बोट अडते. त्यामुळे ५७ फुटांच्या बोटींना कायम मागणी असते, आणि जाहिरातींत ‘कुठेही जाणारी’ म्हणून त्यांची किंमतही चढी लावलेली दिसते. दोघांना किंवा लहान कुटुंबाला ४५ ते ५० फूट पुरतात. परवाना आणि बोट बांधून ठेवायच्या जागेचं भाडं दोन्ही बोटीच्या लांबीप्रमाणे वाढतं, त्यामुळे वापरात न येणारा प्रत्येक फूट दरवर्षी पैसे खातो.

मागच्या डेकचे तीन प्रकार आहेत. ट्रॅड बोटीला मागे एका माणसापुरतीच जागा. क्रूझर बोटीला मोठा उघडा ओटा, जिथे चार-पाच माणसं उभी राहून गप्पा मारू शकतात. सेमी-ट्रॅडला तसाच ओटा, पण दोन्ही बाजूंना भिंती. मुलं लहान असतील तर सेमी-ट्रॅड पाहा, ती भिंत मुलाला पाण्यापासून आणि फिरत्या सुकाणूपासून लांब ठेवते. क्रूझरच्या ओट्याच्या फळ्यांमधून पावसाचं पाणी इंजिनाच्या खणात झिरपतं. अशी बोट बघताना फळी उचलून खाली डोकावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पत्रा

जाहिरातीत ‘१०/६/४’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. तळाचा पत्रा १० मिलिमीटर, पाण्यात असलेल्या बाजू ६, केबिनच्या भिंती आणि छत ४, असा त्याचा अर्थ. गेल्या तीसेक वर्षांतल्या बहुतेक बोटी अशाच आहेत. १९७० आणि ८० च्या दशकातल्या बोटी बऱ्याचदा पातळ पत्र्याच्या, ६ मिलिमीटर तळ आणि ५ मिलिमीटर बाजू अशा. त्या वाईट नसतात, पण गंजायला त्यांच्याकडे शिल्लक कमी होती आणि त्यांना वर्षंही जास्त झाली आहेत.

पोलाद पाण्यात सगळीकडे सारखं झिजत नाही. सगळ्यात जास्त मार बसतो पाण्याच्या रेषेवर, कारण तिथे पाणी आणि हवा दोन्ही मिळतात, आणि लॉकच्या भिंतींना व काठांना घासून रंगही तिथलाच आधी निघतो. त्या मानाने चिखलाजवळचा सपाट तळ बरा राहतो, कारण तिथे प्राणवायू कमी असतो. अनेक जुने बोटवाले तळाला रंगच लावत नसत. खरी भीती सरसकट झिजेची नाही, खळग्यांची आहे. गंज एका जागी आत शिरतो आणि मसुराच्या दाण्याएवढा खड्डा करतो. आजूबाजूचा पत्रा साडेपाच मिलिमीटर भरत असला, तरी त्या खड्ड्याच्या तळाशी तीनच उरलेला असू शकतो. बोट बुडते ती सरासरी जाडीमुळे नव्हे, त्या एका खड्ड्यातून.

हे पाण्यावरून दिसत नाही. त्यासाठी बोट बाहेर काढावी लागते, क्रेनने, उतारावरून ओढून किंवा सुक्या गोदीत घेऊन. पाणी उतरलं की आधी प्रेशर वॉशरने शेवाळ आणि चिखल धुतात. मग सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासणारा तज्ज्ञ, कामाला लागतो, आणि ते काम जवळून बघण्यासारखं असतं. हातोडीने तो पत्र्यावर सगळीकडे टकटक करत जातो. चांगला पत्रा खणखणतो, गंजलेला बद्द वाजतो. मग ठरावीक अंतरावर डांबर खरवडून नाण्याएवढी जागा चकचकीत करतो, तिथे थोडं जेल लावतो आणि अल्ट्रासाउंड यंत्राची कांडी टेकवतो. ध्वनीची लहर पत्र्यातून आत जाते, आतल्या बाजूवर आपटून परत येते, आणि जाण्यायेण्याला लागलेल्या वेळावरून यंत्र जाडी सांगतं. ५.८, ५.७, ५.८, असे आकडे तो खडूने पत्र्यावरच लिहीत जातो. खळगा दिसला की कांडी बाजूला ठेवून खोली मोजायची सुई काढतो. पाण्याच्या रेषेला पोचल्यावर त्याचा वेग मंदावतो. तुम्ही तिथे हजर असाल तर अहवाल यायच्या आधीच बोटीबद्दल बरंच काही कळतं. सर्व्हेच्या दिवशी सुट्टी काढा आणि जा.

४ मिलिमीटर हा आकडा कानावर पडेल. असा कुठला कायदा नाही. पण बऱ्याच विमा कंपन्या आणि सर्व्हेअर पाण्याखालच्या पत्र्यासाठी ही सोयीची किमान मर्यादा धरतात. त्याखाली गेलं की कंपनी एकतर दुरुस्ती मागते, नाहीतर फक्त दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा देते. बोट पंचवीस-तीस वर्षांपलीकडची असली की अनेक कंपन्या मुळात तळाचा अलीकडचा सर्व्हे बघितल्याशिवाय पूर्ण विमा उतरवत नाहीत.

मग उपाय काय? सुटे खळगे वेल्डिंगने भरता येतात. झीज मोठ्या भागावर असेल तर जुन्या पत्र्यावरून नवा पत्रा चढवतात. याला ओव्हरप्लेटिंग म्हणतात. नीट केलेलं काम अनेक वर्षं टिकतं, मात्र खर्च काही हजार पौंडांपासून सुरू होऊन दहा हजारांच्या वरही जातो. शिवाय वजन वाढल्यामुळे बोट पाण्यात थोडी खाली बसते आणि बाजूच्या झरोक्यांपासून पाण्यापर्यंतचं अंतर कमी होतं. आधीच ओव्हरप्लेट केलेली बोट बघत असाल तर काम कोणी केलं, कधी केलं, फोटो आहेत का, हे विचारा. जुना पत्रा किती खाल्ला गेला होता आणि नवा चारही बाजूंनी सलग वेल्ड केला आहे का, हे सर्व्हेअरकडून तपासून घ्या.

दर दोन-तीन वर्षांनी बोट बाहेर काढून तळाला डांबरी काळा रंग लावायचा असतो. दोन घटकांचा इपॉक्सी रंग जास्त टिकतो, पण त्याआधी पत्रा वाळूच्या माऱ्याने पार उघडा करावा लागतो. विक्रीच्या तोंडावर नुकताच काळा केलेला तळ चांगला दिसतो, मात्र त्या रंगाखाली काय होतं ते कळत नाही. मालकाकडे रंगाच्या आधीचे फोटो असतील तर त्यांची किंमत नव्या रंगापेक्षा जास्त समजा.

शेजारच्या बोटीशी जोडलेली तार

काही बोटींचा तळ वयाच्या मानाने फारच लवकर गेलेला सापडतो. याचं एक कारण बहुतेकांना ठाऊक नसतं, म्हणून जरा खोलात जातो.

मरिनामध्ये, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यावर, बोट उभी असताना काठावरच्या खांबातून तार ओढून २३० व्होल्टची वीज घेता येते. त्या तारेत सुरक्षेसाठी अर्थिंगची तार असते, आणि ती असायलाच हवी. पण त्याच तारेमुळे तुमच्या बोटीचं पोलाद शेजारच्या बोटीच्या पोलादाशी आणि काठाच्या लोखंडी पत्र्यांशी जोडलं जातं. दोन धातू तारेने जोडलेले आणि मध्ये पाणी, म्हणजे बॅटरीच तयार झाली. तिच्यात जो धातू जास्त सहज झिजतो, तो दुसऱ्याला वाचवत स्वतः खाल्ला जातो. शेजाऱ्याच्या बोटीला बचावाचे ॲनोड, म्हणजे पत्र्याऐवजी झिजण्यासाठी लावलेले धातूचे ठोकळे, नसतील आणि तुमच्या बोटीला असतील, तर तुमचे ॲनोड शेजाऱ्याची बोट राखतात. ते संपले की पाळी येते तुमच्या पत्र्याची. वर्षानुवर्षं वीज लावून उभ्या राहिलेल्या बोटीत हे गुपचूप घडत राहतं.

उपाय सोपा आहे. गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाचा एक छोटा डबा अर्थिंगच्या तारेत बसवतात. झीज घडवणारा बारीक प्रवाह तो अडवतो आणि बिघाडाच्या वेळचा मोठा प्रवाह मात्र जाऊ देतो. याहून पक्का उपाय म्हणजे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. बोट बघताना सरळ विचारा: हे आहे का, कधी बसवलं, आणि बोट वर्षातले किती महिने विजेला जोडलेली असते? तळाला लावलेले ॲनोडही बघा. गोड्या पाण्यासाठी ते मॅग्नेशियमचे असतात आणि त्यांनी झिजायचंच असतं. अजिबात न झिजलेला जुना ॲनोड काम करत नसल्याची शक्यता जास्त.

सर्व्हेआधी स्वतः काय बघायचं

सर्व्हे आणि बोट बाहेर काढण्याचा खर्च मिळून हजार पौंडांच्या आसपास सहज जातो, म्हणून प्रत्येक बोटीवर तो करता येत नाही. काही बोटी आपल्याच डोळ्यांनी बाद करता येतात.

केबिनच्या मागच्या टोकाला, पायऱ्यांजवळ, फरशीत एक छोटं झाकण असतं. ते उघडा. बोट मागे किंचित कललेली असते, त्यामुळे आत कुठेही पाणी शिरलं तरी ते वाहत इथे येतं. हात घालून बोटं कोरडी आली तर फार चांगलं. पाणी असेल तर ते कुठून येतं याचं उत्तर मालकाकडून मिळायला हवं: खिडकीतून, नळाच्या जोडातून की टाकीतून. फरशीखाली वजनासाठी विटा किंवा फरशा रचलेल्या असतात. तिथे वर्षानुवर्षं ओल राहिली तर पत्रा आतूनही गंजतो, आणि आतला गंज बाहेरून दिसत नाही. झाकणच नसेल, किंवा ‘ते उघडत नाही’ असं सांगितलं गेलं, तर मी त्या बोटीचा नाद सोडेन.

खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत लाकूड काळं पडलंय का ते बघा. गाद्या उचलून वास घ्या. पुढच्या टोकाला पिण्याच्या पाण्याची टाकी बऱ्याचदा बोटीच्या पत्र्यातच बनवलेली असते. तिचं झाकण उघडून आत टॉर्च मारा.

इंजिन सुरू करण्याआधी त्याच्यावर हात ठेवा. ते थंड असायला हवं. तुम्ही यायच्या आधी तापवून ठेवलेलं इंजिन पटकन सुरू होतं आणि थंडीतला त्याचा त्रास लपतो. जुन्या बोटींत बीएमसी किंवा लिस्टर, त्यानंतरच्या बोटींत बीटा, इसुझू अशी डिझेल इंजिनं दिसतील. नीट सांभाळलेलं जुनं इंजिन ही काळजीची गोष्ट नाही, पण सुट्या भागांची चौकशी आधी करा. सुरुवातीचा थोडा धूर चालतो. तापल्यावरही निळा धूर येत राहिला तर तेल जळतंय. तेल मोजायच्या पट्टीवर दुधाळ फेस दिसला तर तेलात पाणी गेलंय. बोट काठाला घट्ट बांधून, गिअर टाकून पंधरा-वीस मिनिटं जरा जोरात चालवायला सांगा. बहुतेक नॅरोबोटींत इंजिनाचं पाणी बोटीच्या बाजूला आतून जोडलेल्या चपट्या टाकीतून फिरतं आणि कालव्याच्या पाण्याने गार होतं. ही टाकी अपुरी असेल तर नदीवर प्रवाहाविरुद्ध जाताना तापमान चढतं. ते तिथे कळण्यापेक्षा काठावर कळलेलं बरं.

बोट ढकलणाऱ्या पंख्याचा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, बोटीबाहेर जातो तिथून थेंब थेंब पाणी येणं नेहमीचं आहे, धार लागणं नाही. त्याच्याजवळच वीड हॅच नावाची पेटी असते. तिचं झाकण काढून पाण्यात हात घातला की पंख्याला अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, दोऱ्या, कपडे सोडवता येतात. साउथॉल आणि हेजच्या बाजूने ग्रँड युनियन कालव्यात पूजेचे नारळ तरंगताना दिसतात. त्यांच्याबरोबर कोणी कापडही सोडलं, तर ते सोडवणाऱ्या बोटवाल्याचे हाल आपल्या लोकांनी लक्षात घ्यायला हवेत. हे झाकण नीट न बसवता इंजिन चालवल्यामुळे बोटी बुडाल्या आहेत, म्हणून त्याचं रबर आणि पकड दोन्ही तपासा.

संडासाचा प्रश्न संकोच न करता विचारा. पंप-आउट प्रकारात मोठी टाकी असते आणि ती मरिनात पैसे देऊन उपसून घ्यायची. कॅसेट प्रकारात छोटी टाकी हाताने नेऊन कालव्याकाठच्या ठरलेल्या जागी रिकामी करायची. चार माणसांच्या सुट्टीत कॅसेट दर दोन दिवसांनी भरते, म्हणून एक जादा ठेवावी लागते. जुन्या पंप-आउट बोटीची टाकी पोलादी असून पलंगाखाली असेल, तर तिचीही जाडी मोजायला सांगा.

गॅस सिलिंडरचा खण बहुधा पुढच्या टोकाला असतो आणि त्याच्या तळाच्या भोकातून गळलेला गॅस थेट बाहेर जायला हवा. केबिनच्या छतावरचे झरोके सुरक्षेसाठी कायम उघडे ठेवायचे असतात. फोडणीचा ठसका लागला तरी किंवा गार वारा आला तरी ते कापड कोंबून बंद करू नयेत. शेगडीच्या बोटीत कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावली आहेत. त्याचा अलार्म २०१९ पासून बोटींना सक्तीचा आहे.

कागद

इथे भारतीय माणसाचा सहज गैरसमज होतो. गाडीच्या नोंदणीसारखी या बोटींच्या मालकीची एकच सक्तीची सरकारी नोंदवही नाही. बोटीच्या बाजूला लिहिलेला क्रमांक परवान्याचा आहे, त्याने मालकी सिद्ध होत नाही. म्हणून मूळ बांधणाऱ्याच्या पावतीपासून आजच्या मालकापर्यंत विक्रीच्या कागदांची साखळी बघायची, विक्रेत्याच्या नावाचा परवाना आणि विमा बघायचा, आणि बोटीवर कधी कर्ज होतं का, फिटलं असेल तर त्याचं पत्र आहे का, हे विचारायचं. जून १९९८ नंतर बांधलेल्या बोटीला युरोपीय नियमांनुसार चौदा अक्षरांचा ओळखक्रमांक असायला हवा. तो कागदावरच्या क्रमांकाशी जुळवून बघा.

दुसरा मोठा गैरसमज बोट सेफ्टी सर्टिफिकेटबद्दल. ते चार वर्षांसाठी असतं आणि त्याशिवाय परवाना मिळत नाही. पण त्यात गॅस, इंधन, वीज, आग यांच्या सुरक्षेची तपासणी होते. तळाची जाडी त्यात मोजतच नाहीत. ‘सर्टिफिकेट नवं आहे, मग सर्व्हे कशाला’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

रीत अशी आहे: किंमत ठरली की ‘सर्व्हे समाधानकारक आला तर’ या अटीवर लेखी करार करायचा आणि साधारण दहा टक्के विसार द्यायचा. रॉयल यॉटिंग असोसिएशनचे अशा कराराचे नमुने आहेत. सर्व्हेत काय निघालं तर विसार परत, आणि किती दोष निघाला तर किंमत पुन्हा बोलायची, हे करारात स्पष्ट हवं. सर्व्हेअर आपणच निवडायचा आणि आपणच पैसे द्यायचे, म्हणजे तो आपल्याला बांधील राहतो. मालकाने दाखवलेला जुना सर्व्हे माहितीपुरता वाचा. ब्रोकर बहुधा विकणाऱ्याच्या वतीने काम करतो. तो कितीही मदत करत असला तरी हे विसरू नका. खासगी विक्रीत मागाहून निघालेल्या दोषाची जबाबदारी बहुतेक वेळा घेणाऱ्यावरच पडते.

ठेवायची कुठे आणि जायचं किती

इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २,००० मैलांचे कालवे आणि नद्या २०१२ पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते. तिच्या परवान्यासाठी तीन गोष्टी लागतात: विमा, सेफ्टी सर्टिफिकेट आणि बोट ठेवायची कायमची जागा. जागा नसेल तर सतत फिरतं राहायचं, आणि एका ठिकाणी एरवी १४ दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. नोकरी सांभाळून सुट्टीपुरते बोटीवर जाणाऱ्यांना हे जमत नाही, म्हणून जागा घ्यावीच लागते. जुन्या मालकाचा परवाना तुमच्या नावावर होत नाही, नवा काढावा लागतो. त्याची मरिनातली जागाही आपोआप मिळत नाही. म्हणून बोट ठरवण्याआधी जागा ठरवा. थेम्स नदीसाठी परवाना वेगळा आहे, तो एन्व्हायर्नमेंट एजन्सी देते.

जागा निवडायला बोटवाल्यांचा एक हिशेब फार उपयोगी आहे. मैल आणि लॉक यांची बेरीज करायची आणि तिला तीनने भागायचं. उत्तर तासांत येतं. १० मैल आणि १४ लॉक म्हणजे २४, भागिले तीन, आठ तास. कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी चार मैल आहे आणि उभ्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू जावं लागतं, त्यामुळे घाई करून हा आकडा बदलत नाही. आता नकाशा काढा. मिल्टन कीन्समध्ये राहणाऱ्यांना घराजवळच ग्रँड युनियनचा लांब सपाट पट्टा आहे. फेनी स्ट्रॅटफर्डच्या लॉकची तर पातळी जेमतेम फूटभर बदलते, म्हातारे आईवडील भारतातून आले असतील तर असा शांत पट्टा उत्तम. उलट डिव्हायझेसजवळ जागा घेतली तर एका दिशेला केन हिलची २९ लॉक्स आहेत. ती चढणं हा अनुभव मोठा आहे, पण दर शनिवारी नको वाटेल. बोट सारखी वापरायची असेल तर घरापासून तासाभराच्या अंतरावर ठेवा. बारा महिन्यांत दोनदाच मोठी सुट्टी घेणार असाल, तर ब्राउनस्टनसारख्या ठिकाणी, जिथे ग्रँड युनियन आणि ऑक्सफर्ड कालवे मिळतात, जागा घेतलेली बरी. तिथून दर वेळी नवी दिशा पकडता येते.

दरवर्षीचा खर्चही आधी मांडा. मध्यम लांबीच्या बोटीचा परवाना आता हजार पौंडांच्या वर जातो, मरिनाची जागा बहुतेक ठिकाणी त्याच्या दुप्पट किंवा अधिक, विमा त्या मानाने स्वस्त. दर दोन-तीन वर्षांनी तळाचा रंग, चार वर्षांनी सर्टिफिकेट, मध्येच बॅटऱ्या, आणि हिवाळ्याआधी नळांतलं पाणी काढून टाकणं, नाहीतर गोठून पाइप फुटतात. वर्षात दोन-तीन आठवडेच जाणार असाल, तर भाड्याची बोट किंवा दहा-बारा कुटुंबांनी मिळून घेतलेल्या बोटीतला हिस्सा हिशेबात सरस ठरतो. मालकीची बोट परवडते ती वारंवार जाणाऱ्यांना. म्हणून खरेदीआधी एकदा नोव्हेंबरात भाड्याची बोट घेऊन पाहा. पाचच्या आधी अंधार पडतो, हात गारठतात, लॉकच्या फळ्या निसरड्या होतात. तेव्हाही मजा आली तर खुशाल घ्या.

सर्व्हे पार पडला आणि उरलेली रक्कम द्यायची वेळ आली, की त्याआधी जुन्या मालकाकडे अर्धा दिवस मागून घ्या. पाण्याची मुख्य चावी कुठे, डिझेल बंद करायची झडप कुठे, कोणती बॅटरी इंजिनाची आणि कोणत्या दिव्यांच्या, लॉकच्या झडपा उघडायचं हँडल आणि काठावरच्या पाण्याच्या नळांची किल्ली कुठे ठेवलीय, हे सगळं बघत फोनवर चित्रित करा. शाफ्टला ग्रीस द्यायची पितळी टोपी रोज किती फिरवायची ते त्याच्याकडून शिकून घ्या. आणि जवळचं एक लॉक तो सोबत असताना, सुकाणू तुमच्या हातात ठेवून पार करा.